फौजी बदलीतले सामान: नुकसानभरपाई बिल्टीवरच ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की फौजी कुटुंबांचे सामान हलू लागते. पठाणकोट, अंबाला, जोधपूर, सिकंदराबादच्या क्वार्टरमधून निघालेले संसार पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगरला येतात. जवान फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमेवरच्या तैनातीला जाणार असेल तर कुटुंब थेट गावी, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे येते. मग तक्रारी सुरू होतात. फ्रिज चालत नाही, टीव्हीच्या पडद्याला तडा गेला आहे, गाद्या भिजल्या आहेत, तेवीस नग चढवले होते आणि एकवीसच उतरले. यांतल्या फार थोड्यांना भरपाई मिळते. कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच भक्कम आहे, पण तो ज्या कागदावर उभा राहतो तो कागद, म्हणजे वाहतूकदार देतो ती मालपावती (बिल्टी), सामान चढवतानाच कोरा राहिलेला असतो. आपल्या वाचकांत सैनिक कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. बदलीवर सरकार सामानाच्या वाहतुकीचा खर्च हुद्द्यानुसार ठरलेल्या वजनाच्या आणि दराच्या मर्यादेत देते. मूळ वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, ती बांधाबांध आणि किरकोळ खर्चासाठी. वाटेत कपाट चेपले किंवा ट्रंक हरवली, तर त्याची भरपाई या रकमांत कुठेही नाही. वाहतुकीचा करार जवान आणि वाहतूकदार यांच्यात असतो, सरकार त्यात पक्षकार नसते. युनिटचा क्लार्क बिल्टी तपासतो ती भत्त्याच्या क्लेमसाठी. तारीख, ठिकाण, गाडी क्रमांक, वजन, रक्कम जुळली की त्याचे काम संपते. त्याच बिल्टीवर नगांची यादी आहे का, किंमत लिहिली आहे का, हे बघण्याचे त्याला कारण नसते. भत्त्याला चालणारी बिल्टी नुकसानभरपाईला मात्र लंगडी ठरते.

रस्त्याने जाणाऱ्या सामानाला ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ लागू आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. पॅकर्स-मूव्हर्स, बुकिंग एजंट, दलाल हे सगळे त्यातल्या ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत बसतात आणि नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता नोंदणी क्रमांकाचा विचारावा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का पाहावे. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून दुकान थाटणारे बरेच आहेत. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात असतील तर पुढे दावा नेमका कोणावर करायचा, हाच प्रश्न पडतो.

कायद्याप्रमाणे सामान सोपवताना पाठवणाऱ्याने एक फॉर्म भरून द्यायचा असतो. त्यात मालाचे स्वरूप आणि किंमत लिहायची. त्यावरून वाहतूकदार बिल्टी देतो, मूळ प्रत पाठवणाऱ्याची. प्रत्यक्षात हा फॉर्म कुणी पुढे करत नाही आणि बिल्टीवर ‘घरगुती जुने सामान, २३ नग’ एवढेच उमटते. किमतीच्या रकान्यात रेघ, नाहीतर वीस हजार असा ठोकळ आकडा. तो आकडा बहुधा एजंटच सुचवतो, “जास्त लिहिलं तर विमा वाढेल साहेब” म्हणून.

ही रेघ किती महाग पडते ते नियमांत दिसते. २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंत मर्यादित आहे, आणि ती रक्कम जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. भाडे १८,००० असेल तर कमाल १,८०,०००. सामान चार लाखांचे लिहिले तरी भरपाई १,८०,००० वर थांबते, आणि साठ हजारांचे लिहिले तर साठ हजारांवर. याहून जास्त संरक्षण हवे असेल तर जादा जोखमीचा दर भरायचे लेखी कबूल करावे लागते. आणखी एक खोच आहे. बरेच जण बिलात पॅकिंग, चढाई-उतराई आणि भाडे वेगवेगळे दाखवतात. एकूण १८,००० पैकी भाडे म्हणून ६,००० च दाखवले असतील, तर वाहतूकदाराचा वकील दहा पट सहा हजारांची धरा म्हणून अडून बसतो. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच दरपत्रक नीट वाचावे.

इथे एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. भत्त्याच्या मर्यादेपर्यंत बिल फुगवून घेण्याची चाल काही ठिकाणी आहे. ते गैर आहेच आणि त्यात नोकरीवर बेतू शकते. पण भरपाईच्या दृष्टीनेही ते आत्मघातकी आहे. बिल एका रकमेचे, खात्यातून गेलेली रक्कम दुसरी, वजन तिसरेच. अशी कागदपत्रे घेऊन ग्राहक आयोगासमोर उभे राहणाऱ्याची उलटतपासणी तिथेच सुरू होते आणि फसवणाऱ्या वाहतूकदाराच्या हातात कोलीत मिळते.

आता यादी. दर नगाला क्रमांक, खोक्यावर मार्करने आणि कागदावर तोच. ‘स्वयंपाकघर’ असे मोघम न लिहिता ‘नग ७: मिक्सर, कुकर २, स्टीलचे डबे १२’ असे लिहावे. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांचे मॉडेल आणि सिरियल नंबर. प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत. चालू स्थितीतला टीव्ही आणि फिरणारे मशीन यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, तारीख दिसेल असा. यादीच्या प्रत्येक पानावर माल नेणाऱ्या सुपरवायझरची सही आणि कंपनीचा शिक्का. मूव्हरची माणसे स्वतःची यादी करतात तेव्हा सगळ्याच वस्तूंपुढे ‘जुने, ओरखडे’ लिहून मोकळी होतात. ते खरे नसेल तिथे खोडून सही घ्यावी. कुटुंबाने स्वतः बांधलेल्या खोक्यांवर ‘मालकाने बांधलेले’ असा शेरा येतो आणि आत काही फुटले तर हात वर केले जातात. तेव्हा काच आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यांच्याकडूनच बांधून घ्याव्यात. काळ्या ट्रंकांवर नाव आणि युनिट रंगवलेले असते, पण कुलूप बऱ्याचदा साधे असते. कुलपावर कापडी पट्टी शिवून लाखेचा किंवा सहीचा ठसा मारावा. फोडाफोड झाली तर ती डिलिव्हरीच्या वेळीच दिसते.

नुकसान होते कुठे? पूर्ण ट्रक घेतला तर फार कमी. बहुतेक जवानांचे सामान पार्ट लोडने जाते, म्हणजे इतरांच्या मालासोबत एका ट्रकमध्ये जाते आणि दिल्ली, इंदूर, नागपूरसारख्या ठिकाणी गोदामात उतरते आणि दुसऱ्या गाडीत चढते. नग हरवतात ते याच ठिकाणी. फ्रिज आडवा घातला की कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते आणि उतरवल्यावर लगेच चालू केल्यास काम आटोपते. तो निदान काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीनचा ड्रम जखडून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट न लावता नेला तर आतले सस्पेन्शन जाते. ते बोल्ट मशीनसोबत आलेले असतात आणि पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेले असतात. टीव्ही सपाट ठेवून वर गादी टाकणे, खोललेल्या पलंगाचे स्क्रू खिशात राहून जाणे, जूनमध्ये ताडपत्रीच्या शिवणीतून गळणारे पाणी हे तर नेहमीचेच. गॅसचा भरलेला सिलिंडर, रोकड, दागिने, मेडल्स, सर्व्हिसचे कागद सामानात घालूच नयेत, विमा त्यांना धरत नाही.

विम्याचा तर वेगळाच गोंधळ आहे. मूव्हर जाहीर किमतीच्या दोन-तीन टक्के ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून घेतो. त्याबदल्यात विमा कंपनीचे प्रमाणपत्र, पॉलिसी क्रमांकासह, जवानाच्या नावावर मिळाले पाहिजे. मिळाले नाही तर तो विमा नव्हे, मूव्हरची वरकमाई समजावी. पॉलिसी मिळाली तर तिच्यावर ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज’ कोणता आहे ते पाहावे. ‘सी’मध्ये आगीसारखी अगदी मोजकी जोखीम येते. ‘बी’मध्ये आग, वीज, गाडी उलटणे, धडक, पूल कोसळणे अशी नावानिशी दिलेली संकटे येतात. चोरी, पाणी आणि हाताळणीतली फूट धरली जाते ती ‘ए’मध्ये. घरसामानाचे बहुतेक नुकसान नेमके या शेवटच्या प्रकारचे असते. ‘ए’ घेतला तरी अपुरे पॅकिंग आणि उशीर वगळलेलेच असतात. गाडी मुक्कामी पोहोचल्यावर साधारण सात दिवसांनी संरक्षण संपते. नव्या स्टेशनवर क्वार्टर मिळेपर्यंत सामान गोदामात ठेवले तर ही सात दिवसांची मुदत उलटून जाते, म्हणून वाढीव मुदत आधीच लेखी मागून घ्यावी.

किंमत सिद्ध करताना कँटीनच्या बिलाचा विचार करावा. सीएसडीतून, म्हणजे लष्करी कँटीनमधून घेतलेल्या वस्तूला जीएसटीत निम्मी सूट असते, त्यामुळे बिल बाजारभावापेक्षा कमी दिसते. विमा बिलाच्या रकमेवर काढला तर तेवढेच, त्यातूनही घसारा वजा होऊन मिळते. नवीन वस्तू बाजारातून घ्यावी लागली तर फरक खिशातून जातो. बिल हरवले असेल तर एएफडीच्या (कँटीनमार्फत मागणी नोंदवून घ्यायच्या महागड्या वस्तूंच्या) ऑनलाइन खात्यातला खरेदीचा तपशील किंवा विक्रेत्याकडची दुय्यम प्रत चालते.

डिलिव्हरीच्या दिवशी चालक घाईत असतो, हमाल वाराईसाठी (माल उतरवण्याच्या हमालीसाठी) हटून बसतात आणि बहुधा घरात एकटी पत्नी किंवा म्हातारे आईवडील असतात. वाराई कुणी द्यायची हे दरपत्रकातच लिहून घेतले तर निम्मी कटकट वाचते. जवान फील्डला असेल तर बिल्टीवर माल घेणाऱ्याचे नाव पत्नीचे किंवा वडिलांचे असावे आणि त्यांच्याकडे जवानाचे अधिकारपत्र, यादीची प्रत, ओळखपत्र असावे. पुढे नोटीस आणि तक्रार कोण देणार यावरचा वाद त्यामुळे टळतो.

पोचपावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे छापलेले असते. त्याखाली सही करण्याआधी हाताने लिहावे: ‘नग १४ ओला, नग १९ चे कुलूप तुटलेले, नग २२ मिळाला नाही, उरलेले नग न उघडता घेतले.’ ‘तपासणीच्या अधीन’ एवढेच लिहून फारसा उपयोग होत नाही, क्रमांक लागतोच. चालक शेरा लिहू देत नसेल तर पावतीचा, खोक्यांचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि व्हॉट्सॲप करावे. उरलेले भाडे अडवून धरले तर सामानच अडते. म्हणून ‘तक्रार राखून’ असे लिहून पैसे द्यावेत आणि नुकसानीचे प्रमाणपत्र लेखी मागावे. विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेली वस्तू दुरुस्तीला देऊ नये, टाकूही नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेटरहेडवर दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. दुरुस्ती परवडण्यापलीकडची असेल, फौजेच्या भाषेत बीईआर, तर तसे स्पष्ट लिहून घ्यावे. दोन-तीन हजार हातावर ठेवून ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहून घेणारा फोन दुसऱ्याच आठवड्यात येतो. त्या कागदावर सही झाली की पुढचे सगळे मिटते.

सर्वांत जास्त दावे बुडतात ते ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट’च्या कलम १६ मुळे. वाहतूकदारावर दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. डिलिव्हरीच्या नव्हे, बुकिंगच्या. २० एप्रिलला बुकिंग झाले असेल तर १७ ऑक्टोबरपर्यंत. कस्टमर केअरशी झालेले शंभर फोन आणि “साहेब, बघतो” अशी आश्वासने ही नोटीस नव्हेत. वाहतूकदार गोड बोलून दिवाळीपर्यंत नेतो, त्यामागचे गणित हेच असते. नोटिशीत बिल्टी क्रमांक, तारीख, कुठून कुठे, गाडी क्रमांक, हरवलेले आणि फुटलेले नग, प्रत्येकाची रक्कम, एकूण मागणी, उत्तरासाठी पंधरा दिवस आणि ‘ही कलम १६ खालची नोटीस आहे’ हे वाक्य असावे. ती स्पीड पोस्टने, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशी, मुख्य कार्यालय आणि बुकिंग शाखा दोन्हीकडे पाठवावी, सोबत ईमेलही करावा. उत्तराचा पत्ता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा लष्करी टपालाचा देऊ नये, घरचा द्यावा. फील्डमध्ये पत्र महिनाभर फिरत राहते.

दावा दाखल झाला की पारडे जवानाकडे झुकते. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज दावेदाराला नाही, हे कायद्यातच आहे. बिल्टीवरचा ‘ओनर्स रिस्क’चा (मालकाच्या जोखमीवर) शिक्का दाखवून घाबरवले जाते. त्या शिक्क्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच, जुन्या १८६५ च्या कायद्याखाली, सांगितले आहे. ‘सर्व वाद दिल्लीच्या न्यायकक्षेत’ या छापील ओळीलाही ग्राहक आयोगात किंमत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. साताऱ्याला घर आणि पुण्याला पोस्टिंग असेल तर दोन्ही ठिकाणे खुली आहेत. अधिकारक्षेत्र दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे भाड्यावर ठरते, त्यामुळे अशी तक्रार जिल्हा आयोगातच बसते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. मुदत दोन वर्षे, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर काही कंपन्या तिथेच मिटवतात, पण त्या नादात १८० दिवस घालवू नयेत.

सामान पोहोचवलेच नाही किंवा वाटेत गाडी उभी करून आणखी पंधरा हजार मागितले, तर ते ग्राहक आयोगापुरते राहत नाही. वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा कुठेही घडला तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. ठाण्यातून ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवले तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यावे.

मोटरसायकल बहुतेक जण रेल्वे पार्सलने पाठवतात. तिथे वेगळे नियम. टाकी रिकामी, हँडल-आरसे-इंडिकेटरला गोणपाट, आरसीची प्रत. किंमत जाहीर करून जादा आकार भरला नाही तर रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांच्या हिशेबाने मोजली जाते. दीडशे किलोच्या गाडीचे साडेसात हजार. पार्सल फोडलेले किंवा मोडलेले दिसले तर तिथेच ‘ओपन डिलिव्हरी’ मागावी, तो हक्क रेल्वे कायद्याच्या कलम ८१ मध्ये आहे. लेखी दावा सहा महिन्यांच्या आत रेल्वेकडे द्यावा आणि न जमल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जावे. महाराष्ट्रात त्याची पीठे मुंबई आणि नागपूरला आहेत.

कायद्याच्या मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून सैनिक कुटुंबांसाठी सैनिक बोर्डांत विधी सेवा केंद्रे चालवण्याची तिची कल्पना आहे. नोटिशीचा मसुदा करून देणे हे अशा केंद्राचे पहिले काम व्हायला हरकत नाही.

अमेरिकी सैन्यात ही जबाबदारी जवानावर सोडलेली नाही. तिथे वाहतूकदार सरकार ठरवते, १९६४ च्या कायद्याने जवानाला सरकारकडेच दोन वर्षांत दावा करता येतो आणि वाहतूकदाराशी झालेल्या करारात नव्या वस्तूची पूर्ण किंमत धरलेली असते. नऊ महिन्यांत दावा केला तर ती मिळते, पाऊंडाला सहा डॉलर या हिशेबाने आणि कमाल ७५,००० डॉलरपर्यंत. नुकसान कळवायची मुदत तिथेही १८० दिवसांचीच आहे, पण ती सामान हातात पडल्यापासून मोजतात.

तेवढी यंत्रणा उभारायला वेळ लागेल हे मान्य. पण काही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. मूव्ह ऑर्डरसोबत (बदलीच्या हुकमासोबत) नगांची यादी आणि किमतीचा रकाना असलेला एक छापील फॉर्म मराठी-हिंदीत द्यावा. भत्त्याच्या क्लेमला तो जोडणे सक्तीचे करावे, म्हणजे तो भरला तरी जाईल. प्रत्येक स्टेशन हेडक्वार्टरने नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी ठेवावी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रारी साचतील त्याला छावणीच्या गेटवर अडवावे. सगळ्या बदल्यांसाठी एकच सामूहिक ट्रान्झिट पॉलिसी ‘ए’ क्लॉजवर घेतली तर हप्ता एकट्या जवानाला पडतो त्यापेक्षा कमी बसेल. आणि कलम १६ मधली मुदत घरसामानापुरती तरी डिलिव्हरीपासून मोजावी, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत मांडावी. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या खासदारांच्या मतदारसंघांत हा प्रश्न घरोघर आहे.

आपले,
सैनिक कुटुंबांच्या दाव्यांचे काम पाहणारे काही कार्यकर्ते,
सातारा जिल्हा